यादीतलं शेवटचं काम

ताई, काल रोडगे करपले. निम्मे तरी करपले असतील. आणि कोणी कोणावर चिडलं नाही, मीसुद्धा नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून हे आधी सांगून टाकते.

काल आपलं आवळीभोजन झालं. कार्तिकातला पौर्णिमेच्या आधीचा रविवार, अभनपूरच्या अलीकडची फळझाडांची तीच बाडी, आवळ्याची तीच तीन झाडं. तुम्ही तेवढ्या नव्हता. ऐन दिवाळीच्या तोंडावर गेलात. चौबे कॉलोनीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा भरून ठेवलेला होता, तो तेरवीपर्यंत कोणी उघडला नाही.

इथल्या मराठी मंडळातले म्हणाले, वर्षा, कुंदाताईंवर तूच लिही, तू त्यांच्या सगळ्यात जवळची. जन्म कुठला, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात किती वर्षं काढली, मंडळात कोणकोणती पदं सांभाळली, ते लिहायला दुसरं कोणीतरी सापडेल. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय. वर्षभर अर्धवट पडलंय ते, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. असं करतात का कोणी?

मी लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले, तेव्हा आम्ही बूढापाऱ्यात राहायचो, तलावाजवळच्या गल्लीत. नवरा सकाळी ऑफिसला जायचा आणि मी खिडकीत बसून खालून जाणाऱ्या स्कूटर बघायची. सहा महिने असेच गेले. एक दिवस तुम्ही दारात उभ्या. ओळख ना पाळख. "मराठी हायेस ना? रविवारी आवळीभोजनाले ये. ताट-वाटी आण अन् जुनी साडी नेस." जुनी साडी काहून, हे मला बाडीत पोचल्यावर कळलं. तुम्ही मला सरळ गोवऱ्यांच्या ढिगाजवळ नेऊन उभं केलं.

मी आयुष्यात गोवरीला हात लावला नव्हता. रोडगे खाल्लेले होते, भाजले कोणी होते? कणकेचे ते जाड गोळे निखाऱ्यात ठेवायचे, वेळेवर उलटायचे, राख झटकायची, मग तुपात बुडवायचे. तुम्हाला सगळं येत होतं, आणि तुम्ही हात पाठीमागे बांधून उभ्या! डोळ्यांत धूर जातोय, गोळे काळे पडताहेत, मी रडकुंडीला आलेय. "ताई, तुम्ही करा ना!" तर म्हणे, "म्या केले तं तुले कधी येईन?"

करपले. मी म्हटलं, आता हे कोण खाईल? तुम्ही म्हणालात, "लोकं खातील. तूच वाढ, अन् सांग, म्या भाजले म्हणून."

लाजेने मान वर होत नव्हती माझी. तरी पंगतीत एकेकापुढे जाऊन सांगत गेले, मी भाजले, करपलेत, सांभाळून घ्या. कोणी हसलं, कोणी नाव विचारलं, कोणी माहेर विचारलं. एका आजोबांनी तर काळा भाग खरवडून रोडगा वरणात कुस्करला आणि "बढिया" म्हणाले. पंगत उठेपर्यंत अख्ख्या मंडळात मी 'करपलेवाली वर्षा' झाले होते. सहा महिने खिडकीत बसून जे झालं नाही ते एका दुपारी झालं. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धत नाही, आणि माझी जीभ भांडायलाच जास्त वळते. आज म्हणते. ताई, या शहरात मला माणसं मिळाली ती तुमच्यामुळे. तुमचे फार फार उपकार आहेत माझ्यावर.

पुढे मी मंडळाच्या कार्यकारिणीत आले आणि आपली जुंपली. माझी यादी म्हणजे काम, वेळ, सामान. नऊला बस, अकराला पूजा, एकला पंगत, चारला परत. तुमची यादी उलटीच. पार्सल ऑफिसातल्या जुन्या रद्द फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही आधी नुसती नावं लिहायच्या. कोण नुकतं रिटायर झालं, कोणाच्या घरची मुलं शिकायला बाहेर गेली, कोण दोन वर्षं आलंच नाही. "आंधी माणसायची यादी, मंग कामायची," हे तुमचं ठरलेलं. प्रत्येक कामाला दोघं. एक असा की ज्याला ते काम चांगलं येतं, दुसरा असा की ज्याने ते कधी केलेलं नाही. आणि ज्याला येतं त्याचे हात पाठीमागे.

"अशाने वेळेवर काही होणार नाही," मी म्हणायची.

"वेळेवर जेवायचं असन तं घरीच जेव ना, बाई," तुम्ही म्हणायच्या.

आणि त्या यादीत सगळ्यात खाली, दरवर्षी, एक ओळ असायची. बसणं. त्यापुढे एकच नाव. कोणी एकटं दिसलं की त्याच्याजवळ जाऊन बसायचं, एवढंच ते काम. मी यादी टाइप करायची तेव्हा ती ओळ गाळायची. "ताई, हे काय काम आहे? इथे छप्पन्न कामं पडलीत आणि एक धडधाकट माणूस नुसतं बसवून ठेवायचं?" तुम्ही वाद घालत नव्हता. टाइप केलेल्या कागदाखाली पेनाने ती ओळ पुन्हा लिहायच्या. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा गाळायची. तुम्ही पुन्हा लिहायच्या. दोघींपैकी एकीनेही हट्ट सोडला नाही.

मोहनभाऊ आणि दिवाकरभाऊंची भाजी आठवते? दोघं शेजारी, भिंतीला भिंत, आणि पावसाच्या पाण्याच्या नालीवरून तीन वर्षांचा अबोला. तुम्ही नेमकं त्याच दोघांना वांग्याच्या भाजीवर लावलं. मी विचारलं, हे मुद्दाम केलंत का? तर म्हणे, "हव. मुद्दामच." दोघं एका कढईच्या दोन बाजूंना, तोंडं फिरवून उभे. मोहनभाऊंनी मीठ टाकलं. थोड्या वेळाने दिवाकरभाऊंनीही टाकलं. मीठ टाकलं का, एवढं विचारायला तोंड उघडावं लागलं असतं ना! भाजी अशी खारट झाली की जिभेवर ठेववेना.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंगत बसायची वेळ झालेली, पोरं भुकेने रडताहेत, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसून राहिल्या होत्या. मग चेहरा गंभीर करून दोघांना म्हणालात, "बटाटे टाकले की मीठ ओढून घेतात. आणा दोघं जाऊन अभनपूरच्या बाजारातून. गाडी एकच हाय." गेले बिचारे एका स्कूटरवर. बटाटे आणायला किती वेळ लागतो? चांगला तास लावला. परत आले तेव्हा बटाट्यांची पिशवी मागे बसलेल्या दिवाकरभाऊंच्या मांडीवर, आणि दोघं जोरजोरात भांडत होते. त्या नालीवरूनच. "बोलले तं," असं म्हणून तुम्ही विळी ओढलीत आणि बटाटे चिरायला बसलात. पंगत तीनला बसली. मी रागाने जेवले नाही, तर तुम्ही माझं ताट झाकून घरी पाठवलंत. पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघांनी मिळून नालीला पाइप टाकला.

रेल्वे क्वार्टरमधल्या बौद्ध घरांना तुम्ही पहिल्यांदा बोलवायला निघालात, तेव्हाही आपल्यातलं कोणीतरी बोललंच होतं, ते लोक तर पूजेला येत नाहीत. तुम्ही पायात चप्पल सरकवत म्हणालात, "पूजा ज्याची त्याची. रोडगे सगळ्यायचे." त्या वर्षी आलेल्या शीलाताई आज आपल्या वरणाच्या मुखत्यार आहेत, आणि वरणात मीठ किती हे त्या कोणालाही विचारत नाहीत.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी तुम्हाला चालताना दम लागायला लागला. मी म्हटलं, आता माझी पाळी. म्हणजे माझी पद्धत. केटरर ठरवला. टेबलं, त्यावर पांढऱ्या चादरी, टोप्या घातलेले वाढपी, माइकवर कार्यक्रम. आणि फाटकाजवळच तुमच्यासाठी गादी टाकलेली खुर्ची. तुम्ही आल्या, पदर खोचलात आणि सवयीने चुलीच्या जागेकडे निघालात. तिथे चूल नव्हतीच. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, आता तुम्ही फक्त बसा. मध्ये मध्ये करू नका." उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुम्ही थांबलात. माझ्याकडे एकदा बघितलंत. "हव," म्हणालात, "बसतो." आणि खुर्चीकडे वळलात. मी तेवढंच पाहिलं, कारण मला माइकवाल्याला गाठायचं होतं.

सगळं घड्याळाच्या काट्यावर झालं. चारला बस परत. लोकांचे फोन आले, क्या बढिया अरेंजमेंट था! आठ दिवस मी हवेत होते. नवव्या दिवशी तुमच्याकडे आले, शाबासकी घ्यायलाच आले, खोटं कशाला बोलू? तुम्ही मेथी निवडत होता. "जेवण चांगलं होतं वं," म्हणालात. "पण कोणी भांडलं नाई. कोणाचे हात काळे झाले नाई. जेवणच हाय तं पुढच्या वर्षी लोकं हॉटेलात जातील, बाडीत काहून येतील?" मी फटकन बोलले, "तुम्हाला माझं काही चांगलं पाहवतच नाही." आणि ठेवलेला चहा न घेता उठले.

नंतर आपण बोलत होतो, पण कामापुरतं. सणाला फराळाचे डबे जायचे-यायचे, आणि दोन्ही घरची माणसं ते दारातूनच घ्यायची. मग दवाखाना आला. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही पहिलं हेच विचारलंत, "यादी केली का?" मी म्हटलं, करू हो, आधी तुम्ही बऱ्या व्हा. ओठांवर होतं, ताई, चुकलं माझं, चारचौघांत तसं बोलायला नको होतं. पण सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले आणि बाहेर ऊन किती आहे ते सांगत बसले. ऊन! दोन दिवसांनी तुम्ही गेलात. ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं, आणि ते आता कोणाला द्यायचं हे मला कळेना.

तेरवीला एक ठेंगण्याशा बाई आल्या, नातीचा हात धरून. मी त्यांना ओळखलं नाही. इंगोले काकू म्हणून, मूळच्या यवतमाळकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इथे आपल्या फ्लॅटवर आणलं. शेजारी हिंदी, दुकानदार हिंदी, घरात नातवंडंही हिंदीच बोलतात. आणि या बाई पदराने डोळे पुसत मला सांगायला लागल्या:

"मागच्या वर्षी पोरानं जबरदस्तीनं नेलं मले त्या बाडीत. मी चप्पल बी काढली नव्हती. कधी घरी जातो असं झालं होतं. तं ह्या ताई खुर्ची ओढत आल्या अन् माह्याजवळ बसल्या. बस निंगेपर्यंत. चार महिन्यांत मी कोणासंग येवढी बोलली नव्हती वं. म्या म्हटलं, बाई, तुमच्या कामाची खोटी होऊन राहिली असन. तं म्हणे, मले आज हेच काम दिलं हाय."

मी तुम्हाला बाजूला बसवलं होतं, ताई. आणि तुम्ही दम लागत असताना ती जड खुर्ची ओढत त्या बाईपर्यंत नेलीत. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. त्या मेथीच्या दिवशी का नाही सांगितलं? खरं सांगू, तेरवीच्या घरात उभी राहून मला तुमचा राग आला. सांगितलं असतं तर मी तिथेच पाया पडले असते. मग वाटलं, कसली पाया पडतेय मी! सांगितलं असतं तर मी त्यावरही वाद घातला असता.

दुसऱ्या दिवशी तुमच्याच घरी बैठक बसली. बहुतेकांचं म्हणणं, यंदा राहू द्या, ताईंचा दुखवटा आहे. मान डोलावणं सोपं होतं. पण आवळीभोजन गेल्या वर्षी मीच अर्धं मोडलं होतं, आणि यंदा चुकलं असतं तर ते कायमचं गेलं असतं. तुमची माफी मागायची माझ्याजवळ दुसरी जागाही नव्हती. मी म्हटलं, "होईल. केटरर नको. रोडगे आपणच भाजू."

"ताईंशिवाय?" मोहनभाऊ म्हणाले. मग दिवाकरभाऊ खाकरले. "भाजी आम्ही दोघं करतो. मीठ मी टाकीन."

"तू काहून? मी टाकीन ना!"

तुम्ही गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं असेल. तेवढ्यात आतून भाऊजी आले. तुमचे हे यजमान इतकी वर्षं दर आवळीभोजनाला आले, झाडाखाली पेपर वाचत बसले, जेवले आणि गेले. मी त्यांच्याशी धड दहा वाक्यं बोलले नसेन. त्यांनी माझ्या हातात जुन्या फॉर्मचा गठ्ठा ठेवला. "हे तिचे कागद. बरेच उरले." आणि परत आत गेले.

मी कोऱ्या बाजूवर आधी माणसं लिहिली. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत होईल. ताई, मला निम्म्या लोकांबद्दल काही माहीतच नव्हतं! दोन दिवस फोन करत बसले. तुम्ही हे इतकी वर्षं कशा करत होता?

काल रोडग्यांवर इंगोले काकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. नात म्हणाली, "आंटी, मुझे तो नहीं आता." म्हटलं, इसीलिए. काकूंचे हात मी स्वतः पाठीमागे धरायला लावले. त्यांचा जीव नुसता तळमळत होता. "अवं पलट ना, पलट तो!" त्या सांगायच्या, आणि पोट्टी विचारायची, "कौन सा, दादी?" असं करता करता धूर झाला, आणि निम्मे करपले. वाढायला मी त्या पोरीलाच पाठवलं. ती पहिल्या रांगेत सांगत होती, "मैंने बनाया, थोड़ा जल गया." तिसऱ्या रांगेपर्यंत कोणीतरी तिला शिकवलं, आणि ती एकेकाला ठसक्यात सांगायला लागली, "म्या भाजले!" काकू हसत हसत रडत होत्या.

हे सगळं मी लांबून बघितलं. कारण यादीत सगळ्यात खाली मी ती ओळ लिहिली होती. बसणं. आणि पुढे माझं नाव.

मला हे काम! एका जागी पाच मिनिटं टिकत नाही मी. पण एकटं कोण आहे हे शोधावं लागलं नाही. भाऊजी आवळ्याखाली बसले होते. पेपर होता, पण घडीही मोडलेली नव्हती. मी खुर्ची ओढली आणि बसले. पत्रावळी वाऱ्याने उडत होत्या, पंगत लागत नव्हती, दोघंतिघं मला हाका मारत होते, पाय नुसते शिवशिवत होते. मी उठले नाही.

मग भाऊजी म्हणाले, "वर्षा, जा तू. तुले कामं असतील."

"हेच काम आहे, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा बांध फुटला. गेल्या वर्षी मी तुम्हाला सगळ्यांसमोर काय बोलले, मेथीच्या दिवशी कशी उठून गेले, दवाखान्यात काय बोलायचं राहिलं, सगळं सांगितलं त्यांना. चुकलं माझं, भाऊजी, म्हणाले. तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यांना म्हणाले.

भाऊजींनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी घरी आली तं हसून राहिली होती. म्या म्हटलं, काय झालं? तं म्हणे, इतक्या वर्षांत पोट्टीनं पहिल्यांदा थे ओळ गाळली नाई."

तेवढ्यात ती पोरगी रोडगे घेऊन आली. "म्या भाजले," म्हणाली. भाऊजींच्या पत्रावळीत पडला तो चांगलाच काळा होता. त्यांनी तो हातात घेतला, करपलेला भाग सावकाश खरवडला, उरलेला वरणात कुस्करला. तुम्ही गेल्यापासून त्यांनी धड जेवण केलं नव्हतं, ताई. पत्रावळ पुसून साफ केली, आणि मान वर करून तिला विचारलं, "आणखी हाय का?"